वाद्याचे पॉलिश आणि त्याचे वाळवण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अमरावती येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी भाषणाचा विषय आमच्यावरच सोपविला होता. निवृत्त शिक्षकाने अशा प्रसंगी शिक्षणाचे महत्त्व सांगावे असा प्रघात आहे. परंतु आमच्या अगोदर बोललेल्या तिन्ही सन्माननीय वक्त्यांनी तो इतक्या उत्तम प्रकारे पाळला आहे की आम्हांस त्यात भर घालण्यासारखे काही उरलेले नाही. तेव्हा आम्ही आपल्या घरचाच एक विषय घेतला आहे. हाताने घडविलेल्या वाद्यावर पॉलिशचा हात कसा द्यावा, आणि मुख्यतः तो किती दिवस वाळू द्यावा, एवढेच आज सांगावयाचे आहे. हा विषय लहान आहे असे कोणास वाटल्यास आमची तक्रार नाही. मात्र त्यापायी आपल्या समाजाच्या नावाला उणेपणा येऊ लागला आहे, म्हणून तो चारचौघांत बोलणे आम्ही आवश्यक समजतो.

वऱ्हाडात आपल्याला वाढई म्हणून हाक मारीत. तिफण, वखर, डवरा, बंडी ही आपली बलुत्याची कामे होती. ट्रॅक्टर आला आणि ती कामे गेली. त्याबद्दल शोक करण्यात अर्थ नाही. पुढे खिडक्या-दारवाजे लोखंडाचे व अॅल्युमिनियमचे झाले, कपाटे प्लायवूडची झाली. हाताचे खरे कसब ज्यात अद्याप लागते अशी जी थोडी कामे उरली, त्यांत भजनाची वाद्ये आहेत. विणेचा दांडा, एकतारी, मृदंगाचे खोड, खंजिरीचे कडे, पेटीचे खोके. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) मोझरीच्या गुरुकुंजाने ज्या भागात गावोगाव भजनी मंडळे उभी केली, आणि शेगावची वारी ज्या भागातून चालते, तेथे वाद्य घडविणाऱ्याला व दुरुस्त करणाऱ्याला काम पडणार नाही असे होणे नाही. प्रश्न एवढाच की ते काम आपल्या घरी येईल, की दूरच्या दुकानात जाईल.

दोन वर्षांपूर्वी घडलेली एक हकीगत सांगतो. गावाचे व कारागिराचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अकोला जिल्ह्यातील एका गावी हरिनाम सप्ताहासाठी नवी वीणा करावयास दिली होती. सप्ताहात वीणा भुईवर टेकवीत नाहीत हे आपण जाणता. सात दिवस आणि सात रात्री ती एका विणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जात असते. कारागीर आपलाच एक हुशार तरुण. लाकूड उत्तम सागवानी, जोड असे की नख शिरू नये, जवारीही सुरेख काढलेली. परंतु घडणीत दिवस गेले आणि पॉलिशला दोनच दिवस उरले. त्याने दाट पॉलिशचे थरावर थर चढविले आणि काल्याचा नव्हे तर आरंभाचाच मुहूर्त गाठावयाचा म्हणून वीणा सकाळी स्वाधीन केली. त्या वेळी ती आरशासारखी चकाकत होती. तिसऱ्या दिवशी दांड्यावर बोटांचे ठसे उमटले. पाचव्या दिवशी भोपळ्यावर उपरण्याचे विणकाम जसेच्या तसे छापले गेले होते आणि त्यात उपरण्याचे तंतू रुतून बसले होते. गावकरी सुसंस्कृत, कोणी शब्दाने बोलले नाही. राहिलेले पैसे मात्र दिले नाहीत, आणि पुढच्या वर्षी पखवाज करावयाचा होता तो दुसरीकडून आणला.

त्या विणेच्या घडणीत कसलीही उणीव नव्हती. उणीव होती ती दहा-बारा दिवसांची.

आता वाळणे म्हणजे काय, हे नीट पाहू. भगिनीवर्गाला ही गोष्ट आमच्यापेक्षा अधिक कळते. उन्हाळ्यात घातलेली कुरडई दुसऱ्या दिवशी वरून खडखडीत लागते. परंतु तीच डब्यात भरली तर आठवड्याने बुरा येतो, कारण आत ओल असते. म्हणून घरातील जाणती बाई कुरडई मोडून पाहते. पॉलिशचेही तसेच आहे. बोटाला न चिकटणे ही वाळण्याची पहिली पायरी, शेवटची नव्हे. फरक इतकाच की पॉलिश मोडून पाहता येत नाही.

त्यातही पुन्हा वाळणे दोन जातींचे आहे. लाखेचे पॉलिश वाळते ते त्यातील स्पिरिट उडून जाते म्हणून. जवसाचे तेल वाळते ते काही उडून जाते म्हणून नव्हे, तर ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि घट्ट होते म्हणून. तेलाचे वजन त्यात घटत नाही, उलट वाढते. पहिले पॉलिश पाण्याने भिजलेल्या धोतराप्रमाणे वाळते. दुसरे दुधाचे दही व्हावे तसे रूपच पालटते. ज्याला हा भेद कळला त्याला पुढील सर्व गोष्टी आपोआप सुचतात, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम लाखेविषयी. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक रस शोषून राहतो व आपल्या अंगाभोवती राळेसारखे कवच करतो, तीच लाख. विदर्भात गोंदियाकडील जंगलात ती होते, आणि झारखंड, छत्तीसगड हे तर तिचे माहेरघरच. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी सरकारी संस्था निघाली, यावरून या पदार्थाचे महत्त्व ध्यानी येईल. शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळते तो चपडा.

एक लिटर स्पिरिटात सुमारे सव्वाशे ग्रॅम चपडा, हे बोळ्याने द्यावयाच्या हातासाठी योग्य प्रमाण. भांडे काचेचे असावे. लोखंडाच्या डब्यात लाख काळवंडते. रात्रभर भिजत ठेवून अधूनमधून हलवावे. चपड्यात थोडे नैसर्गिक मेण असते, ते तळाशी बसू द्यावे आणि वरचे निवळ तेवढे गाळून घ्यावे. बाटलीवर तारखेची चिठ्ठी लावण्यास विसरू नये. विरघळलेली लाख बाटलीत महिनोन् महिने राहिली की तिच्यात फरक पडतो, आणि मग ती कितीही दिवस ठेवली तरी चिकटच राहते. गेल्या वर्षीच्या बाटलीतले उरलेले पॉलिश नव्या वाद्यावर संपविण्याची काटकसर आपल्याकडे फार आहे. ती काटकसर नव्हे. आणखी एक. दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटात विषारी द्रव्य मिसळलेले असते. दारे-खिडक्या उघड्या ठेवून काम करावे, आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

लिंबाएवढा कापसाचा गोळा घ्यावा, आणि तो धुऊन मऊ झालेल्या मलमलीच्या फडक्यात बांधावा. पॉलिश आतल्या कापसाला पाजावे, वरच्या फडक्याला नव्हे. मग बोळा कागदावर दाबून पाहावा. थेंब न सुटता नुसता ओलसर डाग पडला की बोळा तयार. लाकडाच्या तंतूंच्या दिशेने हलका हात फिरवावा, पुढे आठाच्या आकड्याप्रमाणे वळणे घ्यावीत. बोळा चालता असतानाच लाकडाला लागला पाहिजे आणि चालता असतानाच सुटला पाहिजे; घार झडप घालते आणि न थांबता वर निघून जाते तसा. मध्ये थांबलात की बोळा तेथेच चिकटतो आणि खालचा थरही उचलून आणतो. कारण लाखेचा प्रत्येक नवा हात खालच्या जुन्या हाताला थोडा विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. हाच तिचा मोठा गुण, आणि घाई करणाऱ्यासाठी हाच मोठा धोका. एकामागून एक हात देत गेलात तर वरचे स्पिरिट खालच्या थरात मुरत जाते आणि वरच्या कवचाखाली कोंडून राहते. वर सांगितलेल्या विणेचे नेमके हेच झाले.

म्हणून एका बैठकीत पाच-सहा विरळ फेरे, मग विश्रांती. दुसरी बैठक दुसऱ्या दिवशी. तीन-चार बैठकींनंतर आठ दिवस वाद्य धूळ न लागेल असे टांगून ठेवावे. या आठ दिवसांत पॉलिश लाकडाच्या रंध्रांत थोडे खाली बसते, आणि गुळगुळीत दिसत असलेल्या पृष्ठभागावर बारीक खळगे दिसू लागतात. हे पाहून पुष्कळ जण घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही, उलट पॉलिश खरोखर वाळत असल्याची ती खूण आहे. तेव्हा अगदी बारीक काचकागदाने हलके घासावे, शेवटची एक बैठक द्यावी, आणि पुन्हा निदान आठवडाभर वाद्याला हात लावू नये.

वाद्य हे कपाट नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. तबली कंप पावते म्हणून नाद होतो. तिच्यावर जाड थर चढविला तर चकाकी वाढेल आणि नाद बसेल. तबलीला दोन-तीन विरळ हात पुरे. दांड्याला, जेथे घामाचा हात सतत लागतो, अधिक द्यावेत. घोडीच्या माथ्यावर, जेथे जवारी काढलेली असते, पॉलिशचा थेंबही पडता कामा नये. खुंटीचा जो भाग छिद्रात जातो तो कोराच ठेवावा; तेथे पॉलिश लागले की खुंटी एक तर चिकटून बसते नाही तर निसटते. तेथे खडूची पूड हाच उपाय.

मिरजेचे उदाहरण आपल्यासमोर आहे. तेथील तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यांनी, म्हणजे तलवारींना धार व झिलई देणाऱ्या कारागिरांनी उभा केला. त्यांत फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव आदराने घेतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तूनाचे लाकूड आणि लाखेचे पॉलिश यांवर त्यांनी सतार व तंबोरा देशभर नेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हत्यारे गेल्यावर ज्यांनी तोच हात वाद्याकडे वळविला, त्यांची ही कमाई आहे. आपली तिफण गेली, त्या वेळी आपण हात कोठे वळविला, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. परंतु तो आजचा विषय नव्हे.

आता तेल. आपल्या वाडवडिलांनी वखराच्या दांड्याला, रंध्याच्या ठोकळ्याला, बैलाच्या जूला तेल चोळले ते जवसाचे. वऱ्हाडातील स्वयंपाकघरात ज्या जवसाची चटणी होते तेच हे जवस. त्या तेलाची वाळण्याची शक्ती विलक्षण आहे, म्हणून युरोपातील चित्रकारही शतकानुशतके त्यात रंग खलीत आले. इटलीतील क्रेमोना गावच्या स्ट्रॅडिव्हरीच्या (मृत्यू १७३७) व्हायोलिनांवरील वार्निशात काही गुप्त द्रव्य असावे अशी फार दिवसांची समजूत होती. पॅरिसच्या संगीतविषयक संग्रहालयातील त्याच्या पाच वाद्यांचे सूक्ष्म परीक्षण करून २००९ साली तज्ज्ञांनी जे प्रसिद्ध केले ते असे की, लाकडात मुरलेले चित्रकारांच्या वापरातील वाळणारे तेल आणि त्यावर तेल व राळ यांचा किंचित रंगविलेला थर, एवढाच तो प्रकार. गुप्त असे त्यात काही निघाले नाही. हे वाचून आमचे कारागीर मन फार सुखावले.

तेल देण्याची रीत सोपी आहे. फडक्याने चोळावे, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे आणि मग कोरड्या फडक्याने सगळे पुसून काढावे. सगळे म्हणजे सगळे. लाकडाने जे पोटात घेतले तेवढेच आपले. जे वर राहिले ते चिकट साय धरते आणि सुरकुतते. कच्चे तेल वाळण्यास कित्येक दिवस, कधी आठवडे घेते. दुकानातील उकळलेल्या म्हणविल्या जाणाऱ्या तेलात वाळण्यास मदत करणारी द्रव्ये असतात, ते एक-दोन दिवसांत घट्ट होते. ते खाण्याचे तेल नव्हे, हे घरात सर्वांना सांगून ठेवावे. वास पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हात देऊ नये. नाक हे येथे बोटापेक्षा खरे सांगते.

शिसवाच्या बाबतीत मात्र सावध असावे. शिसवाच्या अंगात अशी काही द्रव्ये असतात की ती तेलाला वाळूच देत नाहीत. महिना गेला तरी हात चिकटतो. सागवानही स्वभावतः तेलकट, पण तेवढे हट्टी नाही. शिसवाला आधी लाखेचे विरळ हात देऊन त्याचे तोंड बंद करावे, किंवा सरळ लाखेवरच काम संपवावे. तसेच, देवघरातील विणेला सणावारी खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल चोळण्याची काही घरांत चाल आहे. भावना चांगली आहे, परंतु ही तेले कधीच वाळत नाहीत; धूळ धरतात आणि खवट होतात. कोरडे मऊ फडके हीच त्या विणेची सेवा.

आता ज्यासाठी भगिनींनी व तरुणांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट. जवसाचे तेल प्राणवायू घेते तेव्हा उष्णता उत्पन्न होते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. परंतु तेच फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर उष्णता आत साठत जाते, आणि काही तासांनी, काडी न लावता, ठिणगी न पडता, फडके पेट घेते. ही कपोलकल्पित भीती नव्हे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अडतीस मजल्यांच्या एका इमारतीला जी भयंकर आग लागली, तिचे मूळ बाविसाव्या मजल्यावर लाकडी आच्छादनाला पॉलिश करणाऱ्यांनी ठेवून दिलेल्या जवस-तेलाच्या फडक्यांत निघाले. तीन अग्निशामक जवान तीत मृत्यू पावले. आणि आपण तर कपाशीच्या मुलखात राहतो. कार्तिक-मार्गशीर्षात वऱ्हाडातल्या किती घरांत ओसरीपासून माळ्यापर्यंत कापूस भरलेला असतो, आणि त्याच ओसरीवर आपले काम चालते! पांडवांसाठी लाक्षागृह मुद्दाम बांधावे लागले होते. आपण ते नकळत बांधीत असतो. तेव्हा काम संपताच फडके पाण्याच्या बादलीत बुडवावे, किंवा अंगणात एकेक सुटे करून वाळत घालावे व पूर्ण कडक झाल्यावरच टाकावे. हे काम लहान मुलावर सोपवू नये.

ऋतूविषयी दोन शब्द. पावसाळ्यात स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील ओल त्यावर बसते आणि लाखेवर पांढुरकी झाक येते. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की उलट संकट. बोळा फिरण्याअगोदरच स्पिरिट उडते आणि हात ओढल्यासारखा अडतो. उन्हाळ्यात करणे भागच असेल तर पहाटे करावे. खरा काळ दिवाळी ते होळी. आणि आपल्याकडील सप्ताह, प्रकट दिन, रामनवमी हे सर्व माघापासून चैत्रापर्यंत येतात. म्हणजे माघातल्या सप्ताहाची वीणा दसऱ्या-दिवाळीच्या आत सांगितलेली असली पाहिजे. गिऱ्हाईक उशिरा आले तर हे काम या मुदतीत होणार नाही असे नम्रपणे सांगावे, किंवा लाकूड साध्या तयारीवर ठेवून सप्ताहानंतर पॉलिशसाठी परत मागवावे. पॉलिश न केलेली वीणा वाजते. ओल्या पॉलिशची वीणा आपली फजिती वाजवीत गावभर फिरते.

तरुण मंडळी विचारतात की फवाऱ्याने मारावयाचे नवे मेलामाइन आणि पॉलियुरेथेन हे लौकर वाळते, पाण्याला व चहाच्या गरम कपाला दाद देत नाही, मग लाखेचा आग्रह कां? प्रश्न योग्य आहे. टेबलासाठी तेच घ्यावे असे आम्हीही सांगू. लाखेवर पाण्याचा पांढरा डाग पडतो, उष्णतेने ती मऊ होते, आणि स्पिरिटाने तर विरघळतेच. २०२० पासून हाताला सॅनिटायझर चोळण्याची जी सवय लागली, तिने ओल्या हाताने वाद्य धरले तर दांड्यावर तेवढी जागा निस्तेज होते, हे विणेकऱ्यांना आवर्जून सांगावे. परंतु वीणा पन्नास वर्षे हातांहातांतून जावयाची असते. तिला ओरखडे पडणारच. लाखेच्या ओरखड्यावर नवा हात दिला की तो जुन्यात मिसळून जातो, जोड दिसत नाही. नव्या कठीण थरांवर तसे होत नाही. बहुधा सगळे खरवडून काढावे लागते, आणि खरवडताना तबलीचे लाकूडही जाते. ज्या वस्तूची दुरुस्ती गावातल्या गावात व्हावयाची, तिला लाख बरी.

मंडळाला आमची एक सूचना आहे. आपल्या समाजातील जे कारागीर वाद्ये करतात त्यांनी प्रत्येक वाद्याच्या खुंटीला एक चिठ्ठी बांधावी. तीवर शेवटचा हात दिल्याची तारीख आणि वाद्य केव्हापासून वापरावे ती तारीख, अशा दोन तारखा असाव्यात. चिठ्ठ्या छापून देण्याचा खर्च फारसा नाही. पहिल्या वर्षीचा आम्ही करू. वाळण्याचे दिवस हा कामाचाच भाग आहे, आणि तो मजुरी ठरवितानाच गिऱ्हाइकाला सांगावयाचा आहे. असे केल्याने एखादे काम हातचे जाईल. गेले तर जावो. वर सांगितलेल्या गावी एका विणेपायी पखवाजही गेला.

बाहेर ओसरीवर आम्ही तीन फळ्या मांडून ठेवल्या आहेत. पहिली सागवानी, लाखेची, महिनाभर वाळलेली. तिच्यावर नख दाबून पाहावे. दुसरी सागवानी, जवसाच्या तेलाची. तिसरी शिसवी, तिलाही तेच तेल त्याच दिवशी दिले आहे. त्या गोष्टीला आज वीस दिवस झाले. तिसरीला बोट लावून पाहण्यास कोणाचीच हरकत नाही, मात्र ते बोट नव्या कपड्यांना पुसू नये. त्यासाठी शेजारी फडके ठेवले आहे, आणि फडक्याशेजारी पाण्याची बादली.